साखळीचा ट्रॅक्टर आणि त्याचे रविवारचे पाहुणे

डॉक्टरांनी रोलरच्या खाचेत बोट घातलं, काळंकुट्ट ग्रीस बाहेर काढलं आणि नाकाशी धरून डोळे मिटले. एखाद्या बाईने गजरा हुंगावा तसं.

"जुनं आहे हो," ते शेजारच्या प्रोफेसरांना म्हणाले. "लढाईतलं असणार. असं ग्रीस आता मिळत नाही."

प्रोफेसर पुढे झाले आणि त्यांनीही त्याच बोटाचा वास घेतला. मी पाना हातात धरून बाजूला उभा होतो. त्या खाचेत ते ग्रीस दोन महिन्यांपूर्वी मीच भरलं होतं, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या डब्यातलं. ज्या माणसाला दुसऱ्याच्या बोटावरचं ग्रीस हुंगताना लाज वाटत नाही, त्याला काय सांगणार? त्या खाचेत ग्रीसशिवाय आणखी काय काय जाऊन बसलेलं असतं, हे मला ठाऊक होतं.

हे यार्ड रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या मागे होतं. आमचा शेठ मातीकामाची कंत्राटं घ्यायचा. त्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी लिलावात एक साखळीचा ट्रॅक्टर उचलला होता. चाकांऐवजी दोन्ही बाजूंना रोलरांवर फिरणारी लोखंडी पट्ट्यांची साखळी आणि पुढे माणसाच्या छातीएवढं उंच पातं. बर्म्याकडे सैन्याचे रस्ते करायला तो वापरला होता असं सांगायचे. तो चालू करणं हा एक सोहळाच असे. आधी दोरी ओढून पेट्रोलचं छोटं इंजिन चालू करायचं, मग त्याच्या जोरावर डिझेलचं मोठं इंजिन फिरवायचं. मोठं इंजिन एकदा धरलं की सगळं यार्ड हादरायचं आणि बाजूच्या वखारीतले लोक शिव्या द्यायचे.

मी तिथे फिटर म्हणून लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. भोईवाड्यात चाळीत खोली होती, नवीन लग्न झालेलं. ट्रॅक्टर चालवायचे ते मेस्त्री माझ्याच गावाकडचे, मालवणच्या बाजूचे. लढाईत ते सैन्याबरोबर आसामात याच जातीची यंत्रं चालवायला गेले होते. वयाने पन्नाशीचे, बोलायला कमी. त्यांनी मला सगळं शिकवलं. उजवीकडचा दांडा ओढला की उजवी साखळी थांबते आणि यंत्र उजवीकडे वळतं, हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं ते असं: "बाजूक कोण उभो आसा तां आधी बघ. सीटवरसून आपल्याक काय ऐकाक येणा नाय, आणि पात्याच्या फुडचा काय दिसणा नाय." मेस्त्री यंत्राची पूजा करायचे ते फक्त दसऱ्याला. एरवी त्यांना ते बैलासारखं होतं. कामाचं होतं, आणि धोक्याचं.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस आले. मुंबई मिळाली नाही या बातमीने गिरणगाव पेटला होता. रोज सभा, रोज मोर्चे. लालबाग-परळला गोळीबार होऊन माणसं गेली होती. लोकांनी रस्त्यांवर दगड, कचऱ्याचे डबे, मोडके खांब, जे हाताला लागेल ते आडवं टाकलं होतं. आमच्या यार्डातून परळकडे जाणारा रस्ताही असाच बंद होता. शेठच्या चार लॉऱ्या आत अडकल्या होत्या आणि त्याला माल पोचवायचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला आणि मेस्त्रींना म्हणाला, "ट्रॅक्टर निकालो. रस्ता साफ करने का."

मेस्त्री बाकड्यावर बसून चहा पीत होते. ते उठले नाहीत.

"सेठ, ये काम मैं नहीं करेगा."

"क्यूं? लोखंड घिस जाएगा?"

"वो पत्थर अपना आदमी लोगने डाला है."

शेठ हसला. मग हसू थांबवून म्हणाला, "तो फिर कल से मत आना." मेस्त्रींनी चहा संपवला, कप विसळून फळीवर पालथा घातला, डबा पिशवीत टाकला आणि निघाले. जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं. शेठनेही माझ्याकडे पाहिलं. "तेरे को आता है ना चलाने को?"

मला येत होतं.

त्या वेळी मनात काय होतं ते आज सांगताना जीभ जड होते. बायकोला सातवा महिना होता, नोकरी गेली असती, हे सगळं खरं आहे. पण त्या सीटवर बसायची हौस मला दोन वर्षं होती, हेही तितकंच खरं आहे. मी छोट्या इंजिनाची दोरी ओढली. फाटकातून बाहेर पडलो आणि पात्याने दगड कडेला सारत गेलो. लोखंडी पट्ट्यांखाली डांबर सोलून निघत होतं. एका चाळीच्या गॅलरीतून एक म्हातारी हात करून काहीतरी ओरडत होती, ते ऐकू आलं नाही. तिच्या खालच्या मजल्यावरून आलेला दगड मात्र खांद्याला लागला. दुपारपर्यंत रस्ता मोकळा झाला आणि शेठच्या लॉऱ्या गेल्या. संध्याकाळी लोकांनी रस्ता पुन्हा बंद केला. म्हणजे मी जे केलं त्याचा उपयोगही फक्त चार लॉऱ्यांपुरताच होता.

मी मेस्त्रींकडे गेलो नाही. जाऊ जाऊ म्हणता म्हणता आठवडे गेले, आणि मग जायला तोंड राहिलं नाही.

पुढच्या वर्षी शेठने यार्डाच्या पाठीमागची जागा विकत घेतली. तिथे वीस-पंचवीस झोपड्या होत्या. गोदीत हमाली करणारी घाटावरची माणसं. त्यांना नोटिसा गेल्या होत्या, मुदत संपली होती, आणि एका सकाळी शेठच्या माणसांनी त्यांचं सामान बाहेर काढलं. मग मला सांगितलं, चालू कर.

पत्रे, बांबू, पोत्याची पार्टिशनं. त्यात काय जोर असणार? पातं लागलं की झोपडी बसायची आणि साखळी वरून जायची. टोकाच्या झोपडीपाशी एक बाई पदर खोचून धावत आली आणि माझ्याकडे बघून ओरडायला लागली. तिचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज नाही. शेठच्या माणसाने तिला धरून मागे नेलं. मला वाटलं, शिव्या देते आहे. देणारच. मी दांडे सोडले आणि पुढे गेलो.

संध्याकाळी साखळी धुवायला बसलो. हे काम रोजचं. पट्ट्यांमध्ये चिखल अडकला तर पिना झिजतात, म्हणून लोखंडी कांबीने तो उकरून काढायचा. त्या दिवशी कांबीला चिखल लागला नाही. आधी गोधडीच्या चिंध्या आल्या. मग भात, शिजवलेला, मातीत मळून काळा झालेला. मग पिसं. पहिल्यांदा मला कळलंच नाही. रक्ताने आणि ग्रीसने एकमेकांना चिकटलेली पिसांची एक लगदी बाहेर आली, तिच्यात एक पिवळा पाय होता, नखांसकट. झोपडीच्या मागे कोंबड्यांचा खुराडा होता. बाई तेच सांगत होती.

मी फाटकाजवळ जाऊन ओकलो. मग परत येऊन उरलेलं काढलं, कारण दुसऱ्या दिवशी काम होतं. सगळं निघालं नाही. रोलरच्या मागे आत जे गेलं ते तसंच राहिलं, उन्हाने वाळलं, वर ग्रीसचे थर चढले. महिनाभर दुपारच्या उन्हात वास यायचा. बायको म्हणायची, कपड्यांना कसला वास येतो हो? मी म्हणायचो, डिझेल.

तर अशा या यंत्राचे भक्त यायला लागले ते त्यानंतर.

डॉक्टर दादरचे. शेठच्या दम्यावर त्यांचं औषध चालू होतं, म्हणून त्यांना फाटक उघडं होतं. प्रोफेसर गिरगावातले, कॉलेजात इतिहास शिकवायचे. दोघांनाही जुन्या यंत्रांचा नाद होता. वाफेचे रोलर, जुन्या क्रेन, गोदीतली पडीक इंजिनं, कुठे काय गंजत पडलंय याची त्यांच्याकडे यादी होती. दर रविवारी सकाळी दोघे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत यायचे. बरोबर फ्लास्क, कॅमेरा आणि प्रोफेसरांची वही.

सुरुवातीला मला बरं वाटलं. आमच्या कामाकडे कोणी शिकलेला माणूस बघतोय, हेच अप्रूप. पण दोन-तीन रविवारांतच शिसारी यायला लागली. डॉक्टर पात्यावर हात फिरवायचे तो असा, की मला नजर वळवावी लागे. "काय घाट आहे!" म्हणायचे. "काय ताकद! याच्यापुढे काय टिकणार?" मी मनात म्हणायचो, काही नाही टिकत, मी बघितलंय. प्रोफेसर पट्ट्या मोजायचे, ओतीव लोखंडावरचे आकडे कागदावर घासून उतरवायचे, आणि मला विचारायचे, "तुम्हाला अभिमान वाटत असेल ना?" ते मला 'तुम्ही' म्हणायचे. डॉक्टर 'तू' म्हणायचे. पण माझ्या उत्तरासाठी थांबत दोघेही नव्हते.

एका रविवारी मी साखळी सोडवून ठेवली होती. डॉक्टर वाकून आत बघत होते. रोलरच्या मागे घट्ट झालेला काळा गोळा त्यांना दिसला. त्यांनी खिशातला चाकू काढला आणि तो अलगद सोडवून हातरुमालावर घेतला.

"हे बघा," त्यांनी प्रोफेसरांना दाखवलं. "थरावर थर. किती वर्षांचा इतिहास असेल यात!"

प्रोफेसरांनी चष्मा वर केला, गोळा चाकूच्या टोकाने फोडला आणि आतून एक पीस ओढून काढलं. तपकिरी, दोन बोटं लांब. त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, पीस! रानपक्ष्याचं दिसतंय. बर्म्याच्या जंगलातलं असणार. विचार करा डॉक्टर, तिथल्या रानातून हे यंत्र रस्ता काढत गेलं असेल आणि हे पीस तेव्हापासून आत..."

"ओरिजिनल," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू हे साफ करत जाऊ नकोस हं. असंच राहू दे."

प्रोफेसरांनी ते पीस वहीच्या पानांत ठेवलं. तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती साखळी कोणी चालवली तेही सांगावं लागलं असतं.

मुंबईसह महाराष्ट्र राज्य होणार हे नक्की झालं तेव्हा चाळीचाळीत मांडव पडायला लागले. प्रोफेसरांच्या डोक्यात आलं की ट्रॅक्टर परळच्या एका मैदानात न्यायचा, रंगवायचा, झेंडूच्या माळा घालायच्या आणि लोकांपुढे चालवून दाखवायचा. नवा महाराष्ट्र घडवणारी यंत्रशक्ती, असं काहीतरी. शेठ लगेच तयार झाला. चार वर्षांपूर्वी त्याच यंत्राने त्याने काय करवून घेतलं होतं, हे तो विसरला होता की त्याला लक्षात ठेवायची गरजच वाटली नव्हती, कोण जाणे.

"हे पहिल्यांदा कोणी चालवलं?" प्रोफेसरांनी विचारलं. मी मेस्त्रींचं सांगितलं. झालं, त्यांना मेस्त्री हवे झाले. "लढाईतला माणूस! दोन्ही जुनी, एकमेकांशेजारी उभी करू. तुम्ही घेऊन या त्यांना."

अशा रीतीने चार वर्षांनी मी मेस्त्रींकडे गेलो, ते दुसऱ्याचा निरोप घेऊन.

ते लालबागला मसाला कांडण्याचे डंक दुरुस्त करायच्या कामावर होते. दुकानात शिरताच मला शिंका सुरू झाल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मेस्त्री एका डंकाखाली बसून पट्टा चढवत होते. हात, भुवया, सगळं मिरचीच्या भुकटीने लाल.

"कशाक इलंस?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मी शिंकत शिंकत निरोप सांगितला. त्यांनी पट्टा पुरता बसवला, हात झटकले, आणि मला रस्त्यावर घेऊन आले.

"त्येंका सांग, येणंय नाय."

"बरं," मी म्हणालो. मग धीर करून म्हणालो, "मेस्त्री, त्या दिवशी मी..."

"माझ्या जागेर कोण तरी बसतलोच होतो. तू बसलंस म्हणान माका राग नाय. चार वर्षांत एकदा येवन सांगलंस नाय, त्याचो राग आसा."

मी रस्त्यात उभा राहून डोळे पुसत राहिलो. येणारे-जाणारे समजत असतील, मिरची लागली. मेस्त्रींनी विचारलं, मुलगा झाला की मुलगी? मुलगी, मी म्हणालो, चार वर्षांची होईल. "घेवन ये एकदा," ते म्हणाले आणि आत गेले.

राज्य झालं त्या दिवशी मैदान माणसांनी फुललं होतं. ढोल, लेझीम, गुलाल. माझ्या चाळीतले लोकही आले होते, सगळ्यांचे चेहरे आनंदाने वेडे झालेले. माझ्या मनातही तो आनंद होता. पण मी बसलो होतो त्या सीटवर, पिवळ्याधमक रंगात रंगवलेल्या ट्रॅक्टरवर, पात्याला झेंडूचं तोरण. एवढ्या माणसांत मी एकटाच घाणीत बसलोय असं वाटत होतं.

मेस्त्री आले नाहीत म्हणून प्रोफेसरांनी स्वतःच भाषण केलं. इंजिन बंद होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. लोखंडाची शान, श्रमाची शान. मग त्यांनी वही उघडली आणि ते पीस वर धरून लोकांना दाखवलं. "हे पीस बर्म्याच्या अरण्यातलं आहे..."

"नाही," मी म्हणालो.

आवाज माझाच होता. प्रोफेसर थांबले. पुढच्या रांगा माझ्याकडे बघायला लागल्या.

"ते कोंबडीचं पीस आहे साहेब. रे रोडच्या झोपड्या पाडल्या तेव्हाचं. मी पाडल्या, ह्याच मशीनने. खुराड्यात कोंबड्या होत्या. बाई सांगत होती, मी थांबलो नाही." आणि मग थांबता येईना म्हणून तेही सांगितलं, की चळवळीत लोकांनी रस्त्यावर घातलेले दगडही ह्याच पात्याने सारले होते, आणि तेव्हाही मीच बसलो होतो.

लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी शिवी हासडली, बरोबरच होती. मला वाटलं होतं, आता प्रोफेसरांच्या हातातून ते पीस गळून पडेल. निदान डॉक्टर तरी आपलं ग्रीस हुंगणारं बोट धोतराला पुसतील. पण प्रोफेसर सीटजवळ आले, खिशातून पेन काढलं.

"हे फार महत्त्वाचं आहे," ते हळूच म्हणाले. "झोपड्या नेमक्या कुठल्या साली हो?"

आणि डॉक्टर मागून म्हणाले, "अरे, ते नंतर. आता चालू कर, लोक खोळंबलेत."

मी खाली उतरलो. दोरी तिथेच टाकली आणि गर्दीतून बाहेर पडलो. काहींनी वाट दिली, काहींनी मुद्दाम दिली नाही. एकाने खांद्याने ढकललं. ट्रॅक्टर त्या दिवशी चालला नाही. दुसऱ्या कोणाला ते छोटं इंजिन चालूच करता येईना, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी यार्डात गेलो नाही. आठवडाभराने मुलीला घेऊन लालबागला गेलो. मेस्त्रींनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि मला विचारलं, "काम गेला?" मी म्हटलं, सोडलं. त्यांनी डंकाच्या मालकाला हाक मारली. पुढचे आठ महिने मी तिथे शिंकत काढले, मग पंपांच्या कारखान्यात लागलो आणि तिथूनच रिटायर झालो.

प्रोफेसर एकदा आमच्या चाळीत आले. पत्ता शोधत, तीन जिने चढून, घामाघूम. हातात कागदात बांधलेली फ्रेम. त्यांनी ती कौतुकाने उघडली. सीटवर बसलेला मी, दोन्ही हातांत दांडे, समोर तोरण. फोटो चांगला आला होता.

"तुम्ही रागावून गेलात त्या दिवशी," ते म्हणाले. खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा होता. "आमचं काही चुकलं का?"

बायकोने चहा केला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला, मुलीची चौकशी केली. माणूस वाईट नव्हता, हीच तर माझी पंचाईत होती. वाईट असता तर जिन्यावरूनच परत पाठवला असता.

"एक विचारायचं होतं," निघताना ते म्हणाले. "मी या यंत्रावर लेख लिहितोय. तो कोंबड्यांचा प्रसंग घालू का? फार जिवंत आहे तो."

"जिवंत?" मी म्हणालो.

त्यांना कळलं नाही. "म्हणजे, प्रसंग चांगला आहे. तुमचं नाव घालणार नाही."

मी फ्रेम पुन्हा कागदात गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. ते गोंधळले, चपला घातल्या, खाली गेले. थोड्या वेळाने बायको पाणी आणायला बाहेर गेली तर फ्रेम दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली. तिने ती आत आणली. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तेव्हा त्या फ्रेमीत आमच्या लग्नाचा फोटो लावून तिने भिंतीवर टांगला होता. काच स्वच्छ पुसलेली होती. आधीच्या फोटोचं काय केलं ते मी विचारलं नाही.